बधिर मांडीचा तक्ता

सासरी आल्यावर चार दिवसांच्या आत मला 'बधिर' हे विशेषण मिळालं. कारण इतकंच, की पाठवणीच्या वेळी मी रडले नाही. माझं माहेर कल्याणचं, सासर डोंबिवलीचं, मध्ये एक ठाकुर्ली. एवढ्यासाठी काय रडायचं हे मला तेव्हा कळलं नाही आणि आजही कळत नाही. शिवाय त्या वेळी माझं सगळं लक्ष टांग्याकडे होतं. माझं शिवणयंत्र टांग्यात चढवायचं की मागे ठेवायचं, यावर माझे वडील आणि भाऊ कुजबुजत होते. ते मागे राहिलं असतं तर मी नक्की रडले असते. पण यंत्र चढलं, त्यामागून मी चढले, आणि सासरकडच्या एक काकू माझ्या देखतच म्हणाल्या, "पोरगी बधिर आहे हो."

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. डोंबिवली तेव्हा एवढीशी होती. आमच्या दोन खोल्या, पुढे व्हरांडा आणि मागे विहीर. घरात सासूबाई, मामंजी, हे, लग्नाची नणंद आणि मी. सासूबाई उजव्या कानाने ठार बहिऱ्या होत्या. पण 'बहिरी' हा शब्द मामंजींना चालत नसे. "सूनबाई, यांचा उजवा कान बधिर आहे. डावीकडून बोलत जा," असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. मला वाटलं, चला, या घरात आपण एकट्या नाही.

मामंजी ठाण्याला एका सरकारी कचेरीत दप्तरखाना सांभाळत. दप्तरखान्यात एकोणीस कपाटं, म्हणून एकोणीस किल्ल्या. त्या सगळ्या एका लोखंडी कडीत ओवलेल्या, आणि ती कडी चामड्याच्या पट्ट्याने धोतराच्या आत, कमरेच्या उजव्या बाजूला करकचून आवळलेली. तेरा वर्षांपूर्वी एकदा एक किल्ली तासभर सापडली नव्हती, तेव्हापासून ती व्यवस्था. जेवताना, झोपताना, सोवळ्यातसुद्धा कडी कमरेला. फक्त आंघोळीला ती खुंटीवर जाई, आणि मग मामंजी खुंटीकडे तोंड करून आंघोळ करत. नवी होते तेव्हा ती खळखळ ऐकून मी दचकायचे. ते कूस वळले तरी भिंतीपलीकडे कळायचं. महिन्याभरात मला ती ऐकूच येईनाशी झाली. घरात बाकीच्यांना तर ती कित्येक वर्षांत ऐकू आली नव्हती.

प्रकरण सुरू झालं ते एका मुंगळ्यामुळे. माघ महिना होता. मामंजी व्हरांड्यात धोतर गुडघ्याच्या वर सारून पेपर वाचत बसले होते. मी चहा घेऊन गेले तर मांडीच्या बाहेरच्या अंगाला एक भलामोठा मुंगळा डसलेला, नांग्या रुतलेल्या, रक्ताचा थेंब आलेला. मामंजी अग्रलेख वाचताहेत. मी म्हटलं, "मामंजी, मुंगळा." ते म्हणाले, "कुठे?" सासूबाईंनी येऊन तो ओढून काढला. त्याचं डोकं आतच राहिलं आणि धड हातात आलं. मामंजींनी आधी मांडीकडे पाहिलं, मग मुंगळ्याच्या धडाकडे पाहिलं. मग ते हळूच म्हणाले, "मला कळलं नाही."

दुसऱ्या कोणी ही गोष्ट सोडून दिली असती. पण नेमकं त्याच आठवड्यात कचेरीत एक छापील पत्रक आलं होतं, महारोगाच्या लक्षणांचं. अंगावर फिकट चट्टा, त्वचा बधिर होणे, कानाच्या पाळ्या जाड होणे वगैरे यादी, आणि वर लिहिलेलं, 'खालीलपैकी कोणतेही एक लक्षण आढळल्यास.' मामंजींचं सगळं आयुष्य कागद वाचण्यात गेलेलं. त्यांच्या मांडीवर चट्टा नव्हता, कानाच्या पाळ्या पातळ होत्या, तब्येत ठणठणीत होती. पण 'कोणतेही एक' या शब्दांपुढे त्यांना दुसरा अर्थ दिसेना. त्यांनी ते पत्रक घरी आणलं आणि आम्हां तिघांना वाचून दाखवलं. नणंदेला मुद्दाम विहिरीवर पाठवलं होतं.

कारण खरा प्रश्न तिचाच होता. तिचं लग्न जमत आलं होतं. कल्याणचंच स्थळ, मुलगा रेल्वेत, माणसं चांगली, आणि अकरा दिवसांनी, रविवारी, सुपारी फोडायची ठरलेली. त्या काळात ज्या घरात महारोगाचं नाव निघे त्या घरात कोणी पाणीही पीत नसे, मुलगी नेणं तर दूरच. सासूबाई म्हणाल्या, "हे बाहेर जाता कामा नये." मामंजी म्हणाले, "वस्तुस्थिती दडवून लग्न लावणं हा गुन्हा आहे." त्यांनी त्याच दिवशी होणाऱ्या व्याह्यांच्या नावे एक मसुदा लिहून ठेवला. 'अर्जदार वधूपिता, सविनय कळवतो की' अशी त्याची सुरुवात होती. आपलं ताट-वाटी त्यांनी वेगळी केली आणि नणंदेला सांगितलं, व्रत आहे. लग्न पार पडलं की आपण कुठेतरी निघून जाऊ, असंही ते एकदा म्हणाले. तेव्हा त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. मला मात्र जेवण गेलं नाही.

शेवटी तडजोड झाली. शनिवारपर्यंत रोज सकाळी मांडीची तपासणी करायची, नोंद ठेवायची आणि मग ठरवायचं. डॉक्टरचं नाव काढलं की मामंजी म्हणत, "डोंबिवलीत डॉक्टरला कळलं म्हणजे भाजीवालीलाही कळलं." तेही खरंच होतं.

टोचायचं कोणी हा पहिला प्रश्न. सासूबाईंचा हात कापे. ह्यांनी मोठ्या धीराने सुई हातात घेतली, वडिलांच्या मांडीकडे एकदा पाहिलं आणि भिंतीला पाठ लावून खाली घसरले. कांदा हुंगवून त्यांना शुद्धीवर आणावं लागलं. मग सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सरळ मनाने म्हणाल्या, "हीच टोचेल. हिला काही वाटायचं नाही." ज्या गुणावरून मला महिनोन् महिने टोमणे मिळाले होते, त्याच गुणावर माझी नेमणूक झाली. माझा सुईचा हात चांगला आहे, असंही कारण त्यांनी मागाहून जोडलं.

पण सुनेने सासऱ्याच्या मांडीकडे पाहायचं कसं? त्यावर सासूबाईंनी तोड काढली. एका जुन्या चादरीला त्यांनी बरोबर मांडीच्या जागी वीतभर खिडकी कापली. ती उसवू नये म्हणून मी तिला यंत्रावर काठ घालून दिला. मामंजी भिंतीकडे तोंड करून डाव्या कुशीवर झोपत, अंगावर चादर, खिडकीतून तेवढा मांडीचा तुकडा. सासूबाई उशाशी पहारा करत. आणि मी सुई घेऊन खिडकीशी.

तक्ता मामंजींनी स्वतः आखला होता. दिनांक, वेळ, साधन, निकाल, शेरा, सही. कचेरीतल्या टाचण्या आणाव्यात असं मी सुचवलं, तर म्हणाले, "सरकारी टाचणी खाजगी मांडीला?" म्हणून माझीच शिवणाची सुई, उकळून. कधी कोंबडीचं पीस, कधी गरम चमचा. रोज दहा खेपा. मी टोचायचं, त्यांनी 'कळलं' किंवा 'नाही' म्हणायचं, मी लिहायचं. ताळा पाहायला डाव्या पायाच्या पोटरीलाही मी एखाद्या वेळी टोचत असे. तिथे टोचलं की त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा आपोआप आखडे आणि मग ते 'कळलं' म्हणत. उजव्या मांडीला टोचलं की दोन्ही अंगठे गप्प आणि उत्तर 'नाही.'

हे सगळं नणंद देवळात असताना उरकावं लागे. लग्न जमावं म्हणून ती रोज गणपतीला अकरा प्रदक्षिणा घालायची. तपासणीला वेळ अपुरा पडू लागला तेव्हा सासूबाईंनी तिच्या प्रदक्षिणा एकवीस केल्या. बिचारी म्हणाली, "आई, जमलंय ना लग्न, मग वाढवायच्या कशाला?" सासूबाईंनी उजवा कान तिच्याकडे केला आणि कामाला लागल्या. तो कान त्यांना कधी कधी फार उपयोगी पडे.

आठ दिवस झाले. आठ दिवसांत मांडीच्या ऐंशी खेपा आणि ऐंशी 'नाही.' शेऱ्याच्या रकान्यात मामंजी रोज 'फरक नाही' लिहीत. अर्जाचा मसुदा त्यांनी स्वच्छ अक्षरात उतरवून पाकिटात घातला. एका दुपारी सासूबाई नणंदेच्या जुन्या परकराच्या घड्या घालत बसल्या होत्या. एकच परकर, पुन्हा उलगडत, पुन्हा घडी घालत.

शुक्रवारी सकाळी चमत्कार झाला. मी पहिल्यांदा टोचलं आणि मामंजी म्हणाले, "कळलं." दुसऱ्यांदा, "कळलं." तिसऱ्यांदा जरा थांबून, "कळलं." सासूबाईंनी देवाकडे हात जोडले. मी लिहीत होते. पण माझी नजर त्यांच्या पायांवर होती आणि अंगठे काही हलत नव्हते. सातव्या खेपेनंतर मी सुई उचलली आणि खिडकीच्या वर, हवेत, तशीच धरून ठेवली. मांडीला स्पर्शही केला नाही.

"कळलं," मामंजी म्हणाले.

नवव्या वेळीही मी हवेतच सुई धरली आणि दहाव्या वेळीही. दोन्ही वेळा 'कळलं.' सासूबाई शिरा करायला आत धावल्या. त्या गेल्यावर मी चादरीला म्हटलं, "मामंजी, शेवटच्या तीन वेळा मी टोचलं नव्हतं."

चादर थोडी वर ओढली गेली. मग भिंतीकडून आवाज आला, "तरी कळलं." मग आणखी हळू, "मुलीचं लग्न आहे, सूनबाई."

तीस वर्षं ज्या माणसाने कोणाच्या सांगण्यावरून एक काना इकडचा तिकडे केला नव्हता, तो एका टाचणीएवढ्या गोष्टीवर खोटं बोलला होता. मला त्यांचा राग यायला हवा होता. तसा तो आलाही, पण त्या पत्रकाचा आला, व्याह्यांचा आला, गणपतीभोवती गरगर फिरणाऱ्या त्या पोरीचाही आला. मी म्हटलं, "उद्या ठाण्याला डॉक्टरकडे चला. नाहीतर मी तक्त्यात दुरुस्ती करीन." सासऱ्याला धमकी देण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. तक्त्यातल्या खाडाखोडीला मात्र ते खरोखर भीत असत.

शनिवारी नणंदेला साडी घ्यायच्या निमित्ताने मी, मामंजी आणि सासूबाई ठाण्याला गेलो. तलावपाळीच्या मागे एक दवाखाना होता. तिथे मामंजींच्या कचेरीतलं कोणी येत नसे. तरी मामंजी छत्री उघडून दवाखान्यावरून तीनदा पुढे गेले. फेब्रुवारीतल्या लख्ख सकाळी ओठ घट्ट मिटलेला माणूस छत्रीखाली फेऱ्या घालतोय, हे पाहून रस्त्यावरचे लोक वळून वळून पाहू लागले. शेवटी सासूबाईंनी त्यांना दंडाला धरून आत नेलं.

आत बाकावर सहा-सात माणसं होती. कंपाउंडरने विचारलं, "काय होतंय?" मामंजी त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "एक गोपनीय बाब आहे." पण कंपाउंडर सासूबाईंच्या उजव्या बाजूला उभा होता. मामंजी काही बोलतच नाहीत असं त्यांना वाटलं आणि त्यांनी स्वतःच सांगून टाकलं. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा आवाज असतो तसा तो आवाज होता. "यांची मांडी बधिर झालीये. सुई टोचली तरी कळत नाही."

ते पत्रक ठाण्यातही वाटलं गेलं असणार. बाकावरची माणसं एकमेकांना रेटत दुसऱ्या टोकाला सरकली. एक गृहस्थ तर बाकावरून पडलेच. आणि ते पुन्हा बाकावर न बसता, बरं वाटतंय म्हणत, घरी निघून गेले. मामंजी छत्री मिटून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्याकडे माझ्याने पाहवेना. जे डोंबिवलीत होऊ नये म्हणून आम्ही इतकं केलं होतं, ते ठाण्यात अर्ध्या मिनिटात झालं होतं.

सरकली नाही ती फक्त एक कोळीण. मासळीची रिकामी टोपली पायाशी ठेवून, हाताच्या बोटाला फडकं बांधून ती बसली होती. तिने शेजारच्या मोकळ्या बाकावर थाप मारली. "बस बाबा." मामंजी बसले. बसताना खळखळ झाली. कोळिणीने कान टवकारले.

"कंबरंला काय वाजतंय?"

"किल्ल्या," मामंजी म्हणाले. "एकोणीस. सरकारी."

"घट बांदल्यात?"

"अर्थात."

"कोन्ची मांडी?"

मामंजींनी उजव्या मांडीवर हात ठेवला. तिने बोटाने वर किल्ल्यांची जागा दाखवली, मग खाली मांडी दाखवली, मग पुन्हा वर. "माजी पन अशीच मेलेली. मी बी कोयता घट खोचायची, याच बाजूला. सासू बोलली, सैल बांद गो. मंग झाली जित्ती."

त्या किल्ल्या तेरा वर्षांत सासूबाईंना सुचल्या नाहीत. मुलाला सुचल्या नाहीत. खिडकीपासून वीतभर अंतरावर त्या आठ दिवस माझ्या नाकाशी खळखळत होत्या, आणि मी सुई मोजत बसले होते. घरात बधिर कोण हे ठरवायचं तर तक्ता बराच मोठा आखावा लागला असता.

डॉक्टरांनी मामंजींना झोपवून सगळं पाहिलं. कानाच्या पाळ्या, कोपर, पाठ, कापसाचा बोळा, गार-गरम नळ्या. मग पट्टा सोडवला तर कमरेवर बोटभर खोल खाच निघाली. ते म्हणाले, "इथून एक शीर मांडीत उतरते. तेरा वर्षं तुम्ही ती दाबून धरली आहे. महारोग वगैरे काही नाही. किल्ल्या काढा, दोन-तीन महिन्यांत संवेदना परत येईल."

मामंजी म्हणाले, "पण पत्रकात 'कोणतेही एक' असं स्पष्ट आहे."

"पत्रक डॉक्टरकडे यावं म्हणून काढतात," डॉक्टर म्हणाले. "घरी तक्ता आखावा म्हणून नव्हे."

बाहेर येताना सासूबाईंनी बाकाकडे पाहून मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "किल्ल्यांनी झालंय." कोणी विश्वास ठेवला असेल असं वाटत नाही. कोळीण तेवढी म्हणाली, "बोलली ना मी." सासूबाईंनी तिच्या हाताला हात लावला आणि मग आम्ही खरोखरच साडी घ्यायला गेलो.

रविवारी सुपारी फुटली. व्याह्यांच्या नावाचा अर्ज मामंजींनी फाडला नाही. कागद फाडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. 'निकाली' असा शेरा मारून त्यांनी तो तक्त्याला जोडून ठेवला. किल्ल्या मात्र कमरेवरून निघून एका खादीच्या पिशवीत गेल्या, आणि ती पिशवी हातातून सुटेना. वैशाखात लग्न लागलं तेव्हा पुण्याहवाचनाला ती त्यांच्या पाटाशेजारी होती. भटजींनी तिच्यावरही अक्षता टाकल्या. कन्यादानाला पाणी सोडतानाही ती डाव्या कोपराला लटकत होती. त्या प्रसंगाच्या फोटोत वधू निम्मी दिसते आणि पिशवी पूर्ण.

मांडी तशीच होती. दर आठवड्याला मी सुई घ्यायची, आणि ते प्रामाणिकपणे 'नाही' म्हणायचे. डॉक्टर काहीतरी चुकले असावेत, अशी शंका त्यांच्या मनात पुन्हा घर करू लागली होती. ते बोलत नसत, पण ताट-वाटी अजून वेगळीच होती.

पाठवणीची वेळ झाली. दारात टांगा होता, पलीकडे कल्याण, मध्ये तीच ठाकुर्ली. सासूबाई, काकू, शेजारणी सगळ्या रडत होत्या. नणंद वडिलांच्या पाया पडली आणि तशीच खाली बसून त्यांच्या मांडीला मिठी मारून हमसून हमसून रडू लागली. मामंजी मात्र पिशवी धरून ताठ उभे, डोळे कोरडे. मी त्यांच्या शेजारी माझ्या नेहमीच्या कोरड्या चेहऱ्याने उभी होते. काकूंनी आम्हां दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. टांगा हलला तसे मामंजी समोर बघतच, ओठ न हलवता म्हणाले, "सूनबाई."

"काय मामंजी?"

"मुंग्या येताहेत."

"कुठे?"

"मांडीला," ते म्हणाले. "तिने धरलं होतं तिथे."

आणि मला जे रडू कोसळलं ते काही केल्या आवरेना. मी मांडवाचा खांब धरून भोकाड पसरलं. वाजंत्रीवाले वाजवायचे थांबले. टांग्यातून नणंद वळून माझ्याकडे पाहायला लागली. सासूबाईंनी डावा कान पुढे करून विचारलं, "कोण रडतंय गं एवढं?" काकू डोळे पुसत म्हणाल्या, "बघा, नणंदेवर किती जीव आहे." मी त्यांना काही सांगायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी बाजारातून लाल शाईची वडी विकत आणली, कारण कचेरीतली लाल शाई सरकारी. तक्ता काढून त्यांनी त्या शुक्रवारच्या दहाही नोंदींवर पट्टीने रेघ मारली आणि शेऱ्यात लिहिलं, 'पहिल्या सात वेळा टोचले, कळले नाही. शेवटच्या तीन वेळा टोचले नाही. सर्व उत्तरे खोटी.' खाली सही केली. मग शेवटच्या ओळीवर कालची तारीख घातली. साधनाच्या रकान्यापाशी ते जरा थांबले आणि तिथे लिहिलं, 'मुलीचा हात.' निकाल, 'कळले.' टाक माझ्याकडे देऊन म्हणाले, "साक्षीदार म्हणून सही करा."

मी सही केली. त्या दिवशी मामंजी सगळ्यांबरोबर एकाच पंगतीत जेवायला बसले.